केसूआण्णांच्या गाडीचं दुसरं डोकं

एका जंगलात मोटारी होत्या. हसू नका, मुलांनो. ज्यांना चार पाय आहेत त्यांना चार चाकं कशाला हवीत, हा प्रश्न त्या जंगलात कुणी विचारत नसे. सशाकडे मोटार होती. ती तो बिळात लावायचा, म्हणजे निम्मी आत आणि निम्मी बाहेर. हरणाकडे मोटार होती, पण घाई असली की हरीण ती घरी ठेवून पळत जाई. कासवानंही एक घेतली होती. ती आणायला ते निघालं होतं आणि अजून पोचायचं होतं.

त्याच जंगलात केसूआण्णा राहत. केसूआण्णा अस्वल होते, पण त्यांना सगळ्या खोऱ्यात मान होता, म्हणून आपणही त्यांना अहो-जाहो करू. त्यांची मोटार जुनी, उंच पाठीची आणि काळी होती. जंगलातल्या बाकीच्या मोटारी मिरवायला होत्या. केसूआण्णांची मात्र कामाला जुंपलेली असे. कारण खोरं खाली होतं, दवाखाना वर होता आणि मध्ये घाट होता.

वरच्या पठारावर मोठ्या चोचीचे धनेश डॉक्टर बसत. ते खाली येत नसत. एकदा आले होते, तेव्हा त्यांची वाट पाहून पठारावरचे सगळे आजारी पडले. त्यामुळे खालच्यांनी वर जायचं ठरलं. कुणाला ताप आला, कुणाचं शिंग मोडलं, कुणाचं पोट फुगलं, की घरचे केसूआण्णांच्या अंगणात येऊन उभे राहत. केसूआण्णा जेवत असले तर हात धुऊन उठत. मालूकाकू, म्हणजे त्यांची बायको, ताटावर पान झाकून ठेवी. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

आणि एक दिवस मोटार घाटात थांबली.

मागच्या सीटवर शलाका नावाची साळिंदरीण होती आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. केसूआण्णांनी चावी फिरवली. मोटार खोकली. त्यांनी पुन्हा फिरवली. स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला आणि मोटार गप्प झाली. केसूआण्णा खाली उतरले, मागे गेले आणि ढकलू लागले. अस्वलाच्या अंगात ताकद असते, मुलांनो, पण बाळंतपणाला ताकदीची नाही, वेळेची गरज असते. दवाखाना दिसायच्या आत शलाकाला मागच्या सीटवरच जुळं झालं. बाळंतीण सुखरूप, पिल्लं सुखरूप. सीटची मात्र चाळणी झाली.

आता मोटारीला झालं काय होतं, ते ऐका. फार पूर्वी मोटारीला डोकं नसे. पेट्रोल ओतलं, चावी फिरवली, की ती चाले. मग मोटारी बनवणाऱ्यांना वाटलं, चालवणाऱ्याला नाही तर निदान मोटारीला तरी डोकं असावं. म्हणून त्यांनी इंजिनापाशी एक चपटी डबी बसवली. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे ती डबी ठरवते. शिकलेली माणसं तिला ईसीयू म्हणतात. जंगलात सगळे तिला नुसतं डोकं म्हणत. केसूआण्णांच्या मोटारीच्या डोक्यात पाणी गेलं होतं.

हे त्यांना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं. तिथे मोर बसायचा. त्यानं आधी पिसारा फुलवून दाखवला, कारण तसा नियम होता. मग त्यानं सांगितलं की हे डोकं दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं, आणि मूळ कंपनीचं डोकं समुद्रापलीकडून येतं. ऑर्डर टाकलेली आहे. केव्हा येईल, असं केसूआण्णांनी विचारलं. मोरानं आकाशाकडे पाहिलं. पाऊस यायचा असेल तरच मोर आकाशाकडे पाहतो, आणि पाऊस तर तेव्हा नुकताच संपला होता. केसूआण्णा काय ते समजले आणि घरी आले.

मधल्या काळात ते आजाऱ्यांना पाठीवर घेऊन घाट चढत. पण अस्वलाच्या पाठीवर फार गुदगुल्या होतात. एका तरसाला नुसता खोकला झाला होता, ते हसून हसून इतकं बेजार झालं की डॉक्टरांना आधी हसण्यावर औषध द्यावं लागलं. पोट शिवलेल्या रानडुकराचे टाके उसवले. तेव्हा मालूकाकू म्हणाली की मोराची वाट पाहत बसलात तर खोरं रिकामं होईल, त्यापेक्षा नकुल मिस्त्रीला दाखवा.

नकुल मिस्त्री हा मुंगूस होता. उंबराखाली त्याचं गॅरेज होतं. त्यानं बॉनेट उघडलं, आत शिरला, शेपटीकडून बाहेर आला आणि म्हणाला की आपल्याकडे एक डोकं आहे. कंपनीचं नाही. बाहेरचं आहे. पण बसतं.

"चालेल ना पण?" केसूआण्णांनी विचारलं.

"चालेल म्हणजे? आण्णा, कंपनीचं डोकं भित्रं असतं. त्याला गॅरंटी सांभाळायची असते. याला कुणाची भीडभाड नाही."

मिस्त्रीनं जुनं डोकं काढलं, नवं बसवलं, वायरी जोडल्या आणि लॅपटॉपवर काहीतरी टकटक केलं. केसूआण्णांनी चावी फिरवली. मोटार अशी काही गुरगुरली की झाडावरची पिकली उंबरं खाली पडली.

त्या डोक्याला कुणी काय शिकवलं होतं कोण जाणे, पण आपण शर्यतीच्या मोटारीत बसलो आहोत अशी त्याची ठाम समजूत होती. सपाटीवर त्याला कंटाळा येई. चढ दिसला की मोटार कान टवकारल्यासारखी दिसायची आणि सुटायची. मागच्या नळीतून फटाके वाजायचे. फटाके ऐकून ससे बिळात पळायचे, पण बिळात मोटार असायची. केसूआण्णांना सुरुवातीला धडकी भरायची. हळूहळू सवय झाली. आजारी वेळेवर पोचू लागले, हे त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. जुनं, मेलेलं डोकं मिस्त्रीनं कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं. मूळचं आहे, टाकू नका, म्हणाला. मालूकाकूनं ते आवळ्याच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं.

या सगळ्या धावपळीत केसूआण्णांची विम्याची तारीख हुकली.

घाटाच्या तोंडाशी नाका होता आणि नाक्यावर एक गवा उभा असे. विमा असलेल्या मोटारीच्या काचेवर एक रंगीत कागद चिकटवलेला असायचा. दर वर्षी त्याचा रंग बदले. गव्याला वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. या वर्षीचा रंग हिरवा होता आणि केसूआण्णांच्या काचेवर अजून पिवळाच होता. गवा त्यांना ओळखत होता. त्याची आई याच मोटारीतून दवाखान्यात गेली होती. त्यानं फार वाईट वाटून बांबू खाली केला.

विम्यात एकदा खंड पडला की मोटार पुन्हा तपासून घ्यावी लागे. तपासायला घोरपडबाई येत. त्या एकदा चिकटल्या की सोडत नसत, म्हणूनच अभयारण्य विमा कंपनीनं त्यांना नेमलं होतं.

त्या यायच्या दिवशी सकाळी मालूकाकूनं नवऱ्याला समजावलं. बाई विचारतील, काही बदल केलाय का. तुम्ही काही बोलू नका. खाली मान घालून उभे राहा. बाकी मी बघते. केसूआण्णांनी मान डोलावली. मालूकाकूला धीर आला नाही. हे गृहस्थ खोटं बोलू शकत नाहीत, हे तिला लग्नाच्या आधीच कळलं होतं. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावर त्यांनी सर्वांदेखत सांगितलं होतं की मला तिच्या बहिणीची भीती वाटते, पण हिची वाटत नाही.

घोरपडबाई आल्या आणि आधी बॉनेटवर ऊन खात पडल्या. तेही तपासणीतच धरलं जाई. मग त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले. चॅसिसच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि नंबराचा ठसा घेतला. मागच्या सीटवरची भोकं पाहून, ही कशाची, म्हणून विचारलं. बाळंतपणाची, असं केसूआण्णांनी सांगितलं. त्यांनी मोबाइलवर 'सर्वसाधारण झीज' असं टिपलं. शेवटी, चहा घेणार का असं विचारावं तशा सहज सुरात त्या म्हणाल्या, "मूळ गाडीत काही बदल?"

मालूकाकूनं घसा खाकरला.

"हो," केसूआण्णा म्हणाले. "डोकं बदललंय."

घोरपडबाईंची जीभ बाहेर आली आणि बराच वेळ आत गेली नाही. इतकी वर्षं त्या हा प्रश्न विचारत होत्या. उत्तर कुणी दिलं नव्हतं. उत्तर आलं तर पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

"मी पुन्हा विचारते," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. काही बदल... नाही ना?"

"आहे की. दाखवतो ना." आणि केसूआण्णांनी बॉनेट उघडलं.

घोरपडबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. पाहिलं असतं तर कळवावं लागलं असतं. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी मालूकाकूला विनवलं की तुम्ही तरी यांना सांगा. मालूकाकू म्हणाली की मी लग्न झाल्यापासून तेच करते आहे. शेवटी बाईंनी एक डोळा उघडला, डबी पाहिली, मोठा निःश्वास सोडला आणि प्रकरण वर पाठवलं.

वर म्हणजे गिधाडसाहेबांकडे. एका वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर त्यांचं कार्यालय होतं. अपघात झाल्याशिवाय साहेब सहसा खाली येत नसत, आणि झाला की सर्वांत आधी येत. केसूआण्णांना बोलावणं गेलं. ते झाड चढून फांदीवर बसले. फांदी वाकली. साहेबांनी त्यांना वाकलेल्या फांदीवरच बसवून ठेवलं.

साहेब आवाज चढवत नसत. त्यांनी शांतपणे विचारलं, मोटार आता घाट चढते का. झपाट्यानं चढते, असं केसूआण्णांनी अभिमानानं सांगितलं.

"घाटात दरी आहे?"

"आहे साहेब."

"म्हणजे दरीत पडू शकते."

केसूआण्णांनी विचार केला आणि मान्य केलं.

"आधीचं डोकं असताना चढत होती?"

"आधीचं मेलंय साहेब. ते असताना गाडी जागची हलत नव्हती."

"मग दरीत पडायची भीतीच नव्हती," साहेब म्हणाले. "आम्हाला हव्यात त्या अशा गाड्या. मेलेलं असलं तरी ते मूळचं आहे. ते बसवा, विमा आजच्या आज देतो."

केसूआण्णांनी आजाऱ्यांची अडचण सांगून पाहिली. साहेबांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले की आजाऱ्यांचा विभाग वेगळा आहे. त्या झाडावर तो नाही.

घरी जाताना केसूआण्णा वाटभर त्या बोलण्यात चूक शोधत होते. ती सापडली नाही, तेव्हा त्यांना खरी भीती वाटली.

तर मुलांनो, प्रसंग असा होता. दुसऱ्या डोक्याची मोटार चालत होती, पण तिला विमा नव्हता, म्हणून ती नाक्यापुढे जाऊ शकत नव्हती. मेलेल्या डोक्याच्या मोटारीला विमा मिळत होता, ती नाक्यापुढे जाऊ शकत होती, फक्त चालत नव्हती. केसूआण्णांनी दोन्ही पंज्यांनी डोकं धरलं, स्वतःचं. मग मालूकाकूनं लोणच्याच्या बरणीवरून जुनी डबी उचलली, राखेनं घासली आणि मिस्त्रीकडून बसवून घेतली. घोरपडबाई आल्या. मोटार सुरू होत नाही याची त्यांनी खात्री करून घेतली. बॉनेटखालून लोणच्याचा वास येत होता, पण वासाबद्दल नियम नव्हता. काचेवर हिरवा कागद लागला.

पुढचा आजारी भेकर होतं. त्याला कावीळ झाली होती. केसूआण्णांनी त्याला मागे बसवलं, गिअर मोकळा केला आणि मोटार ढकलायला सुरुवात केली. नाक्यावर गव्यानं हिरवा कागद पाहिला आणि आनंदानं बांबू वर केला. मालूकाकू हातात दगड घेऊन मागून चालत होती. केसूआण्णा दमले की ती चाकाखाली दगड लावी. भेकराला हे पाहवेना. वयानं मोठ्या माणसानं ढकलायचं आणि आपण बसून राहायचं, हे त्याच्या घरच्या वळणात बसत नव्हतं. तेही खाली उतरून ढकलू लागलं. मोटार वर पोचली तेव्हा डॉक्टरांना कळेना की यातला आजारी कोण. त्यांनी तिघांनाही औषध दिलं.

असे काही दिवस गेले. मग कुणीतरी विमा कंपनीला कळवलं की केसूआण्णांची मोटार मेलेल्या डोक्यानिशी घाट चढते आहे. कंपनीत खळबळ माजली. इंजिन चालत नाही आणि मोटार चालते, याचा अर्थ इंजिनाच्या जागी दुसरं काहीतरी बसवलं आहे. तपास झाला. बसवलेलं अस्वल होतं.

घोरपडबाईंना पुन्हा यावं लागलं. या वेळी त्यांनी केसूआण्णांचे चारी बाजूंनी फोटो काढले. कानामागे कुठे नंबर कोरलेला आहे का, ते पाहिलं. नव्हता. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं.

"हा सुळा मूळचा?"

"नाही. पडला होता. डॉक्टरांनी दुसरा बसवलाय."

"सगळं सांगायलाच हवं का हो?" घोरपडबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमल्या होत्या बिचाऱ्या. त्यांना घरी अंडी उबवायला टाकून यावं लागत होतं.

चार दिवसांत निर्णय आला. इंजिनाऐवजी अस्वल बसवणं हा मोटारीत केलेला गंभीर बदल आहे, त्यातून ते अस्वलही मूळच्या स्थितीत नाही. तरी केसूआण्णांनी स्वतःला मोटारीपासून ताबडतोब वेगळं करावं, किंवा मोटार बनवणाऱ्या कंपनीकडून अस्वल हा अधिकृत सुटा भाग असल्याचा दाखला आणावा. केसूआण्णा दाखल्यासाठी मोराकडे गेले. मोरानं पिसारा फुलवला आणि आकाशाकडे पाहिलं.

मोटार अंगणात उभी राहिली. तिला हात लावायची केसूआण्णांना बंदी झाली. ते ओट्यावर बसून तिच्याकडे बघत.

आणि त्याच सुमारास शलाकाचं धाकटं पिल्लू तापानं फणफणलं. मागच्या सीटवर जन्मलेल्या जुळ्यातलं हे एक. शलाका त्याला घेऊन आली आणि अंगणात उभी राहिली. केसूआण्णांनी एकदा मोटारीकडे पाहिलं आणि पिल्लाला पाठीवर घेतलं. साळिंदराच्या पिल्लाचे काटे जन्मतः मऊ असतात, पण ते पिल्लू आता मोठं झालं होतं. त्याला हुडहुडी भरली की काटे उभे राहायचे. केसूआण्णा सबंध घाट चढले. पिल्लू वाचलं. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. केसूआण्णा घरी आले ते पोटावर आडवे झाले. मालूकाकूनं एकेक काटा दातांनी ओढून काढला. तिनं कंपनीला शिव्या दिल्या नाहीत, नवऱ्यालाही काही बोलली नाही. केसूआण्णांना तेच जास्त लागलं.

आता गोष्टीतला साहेब आजारी पडतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. पडलाच.

त्या वर्षी अभयारण्य विमा कंपनीनं एकाही अपघाताची भरपाई दिली नव्हती. त्या आनंदात खोऱ्यात मेजवानी होती. गिधाडसाहेब इतकं जेवले की त्यांना उडता येईना. गिधाडांचं तसं होतं, मुलांनो, त्यात अतिशयोक्ती नाही. आणि उडायची खटपट करताना त्यांच्या घशात एक हाडूक अडकलं. डोळे पांढरे झाले, मान वाकडी झाली. घोरपडबाईंनी त्यांना पंखाला धरून ओढत केसूआण्णांच्या अंगणात आणलं. दुसरं नेणार कुठे? नकुल मिस्त्रीही धावत आला.

पाठीवर न्यायचं म्हटलं तर साहेब मेजवानीमुळे केसूआण्णांपेक्षा जड झाले होते. मोटारच हवी होती. केसूआण्णा साहेबांसमोर बसले आणि त्यांनी परिस्थिती मांडली.

"साहेब, डबी बदलली तर विमा जाईल. नाही बदलली तर तुम्ही जाल. काय करू?"

साहेबांनी एक पंख हलवला. तो होकार की नकार, हे कुणालाच सांगता येईना. केसूआण्णांनी तोच प्रश्न पुन्हा केला. साहेबांनी दुसरा पंख हलवला. मिस्त्री म्हणाला की दोन पंख म्हणजे हो. घोरपडबाई म्हणाल्या की माझे डोळे मिटलेले आहेत. मालूकाकूनं कुणालाच विचारलं नाही, घरात गेली आणि दुसरं डोकं घेऊन आली. मिस्त्रीनं ते बसवलं.

बरेच दिवस आराम झाल्यामुळे त्या डोक्याला उत्साह आला होता. चावी फिरली आणि मोटार सुटली. मागे साहेब, त्यांना धरून घोरपडबाई. गव्याला काचेवर हिरवं काहीतरी दिसलं आणि त्यानं बांबू वर केला. पहिला चढ, दुसरा चढ, फटाके, धूर. पुढच्या वळणावर समोर एक बैलाएवढा दगड घरंगळून आला होता. केसूआण्णांनी ब्रेकवर पाय दाबला. डोक्याला मात्र अजून शर्यत जिंकायची होती. मोटार दगडावर धडकली. बॉनेट दुमडलं. साहेब मागून पुढे आले आणि घशातलं हाडूक उडून काचेवर आपटलं.

धूर विरला. सगळे जिवंत होते. गिधाडसाहेबांनी एक मोठा श्वास घेतला. केसूआण्णांना वाटलं, आता ते पाणी मागतील.

"ही गाडी चालली कशी?" साहेब म्हणाले.

साहेबांनी मान सरळ केली आणि सांगितलं की अपघात झालेला आहे, तेव्हा जागेवरच तपासणी झाली पाहिजे, आणि डोकं बदललेलं आढळलं तर विमा रद्द करून मोटार मोडीत काढली जाईल. नियम सर्वांना सारखा. घोरपडबाई बॉनेटवर चढल्या. दुमडलेलं बॉनेट काही उघडेना. आता केसूआण्णा काय सांगतील त्यावरच सगळं होतं.

"काही बदल?" बाईंनी विचारलं आणि सवयीनं डोळे मिटून घेतले.

केसूआण्णांच्या पाठीवरच्या जखमा अजून ओल्या होत्या. सीटला टेकल्या की ठणकत. त्यांनी घाटाकडे पाहिलं, खालच्या खोऱ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मूळचंच डोकं आहे. मेलं होतं. साहेब गाडीत बसले आणि जिवंत झालं."

घोरपडबाईंनी दोन्ही डोळे उघडले.

साहेबांनी केसूआण्णांकडे निरखून पाहिलं. मग ते म्हणाले की हे अस्वल खोटं बोलत नाही. सुळा बदललाय, हेसुद्धा यानं आपणहून सांगितलं होतं. शिवाय आपल्या हजेरीचा असा काही परिणाम होत असावा, हे त्यांना आतून नेहमी जाणवत आलं होतं. फक्त आजवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मोटारीची भरपाई मंजूर झाली. कंपनीनं दिलेली ती पहिलीच. मिस्त्रीनं बॉनेट ठोकून सरळ केलं, रंग दिला, आणि दुसरं डोकं मूळचं म्हणून नोंदलं गेलं. केसूआण्णा पुन्हा आजाऱ्यांना घेऊन घाट चढू लागले.

साहेबांच्या अंगी मेलेली डोकी जिवंत करायची शक्ती आहे, ही बातमी जंगलभर झाली. आता कुणाची मोटार बंद पडली की लोक साहेबांना घेऊन जातात आणि आत बसवतात. साहेब बसतात. मोटार सुरू होत नाही. साहेब म्हणतात की तुमची श्रद्धा कमी पडते आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतात. मोरानं अंग काढून घेतलं आहे. सर्व्हिस सेंटरच्या दारावर 'साहेबांना भेटा' अशी पाटी आहे.

घोरपडबाई फार सुखात आहेत. केसूआण्णांच्या तपासणीला आता त्यांना वेळ लागत नाही.

केसूआण्णांचं म्हणाल, तर खरं काय ते मिस्त्रीकडून खोऱ्यात हळूहळू कळलं, पण त्यांना कुणी दोष दिला नाही. मालूकाकूनं तर त्या दिवशी गोडाचं केलं. केसूआण्णा जेवले. पुढे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी घाट चढताना ते मागे वळून आजाऱ्याला सांगायचे, घाबरू नकोस, तुला काही होणार नाही. तेवढ्यानं आजाऱ्याचा चेहरा खुलायचा. आताही ते तसंच सांगतात, त्याच आवाजात. आजारी ऐकून घेतो, मान हलवतो, आणि वर गेल्यावर डॉक्टरांना पुन्हा विचारतो.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. आयुष्यभर खरं बोलणाऱ्याचं खोटं लोक लगेच मानतात. मात्र ते एकदाच चालतं, म्हणून साहेब गाडीत बसलेला असेल तेव्हाच वापरावं.